फरक दोनशे सत्तरचा

बँकेतल्या कारकुनाने शिक्षणावर बोलू नये असा एक अलिखित संकेत आहे. शिक्षणावर बोलायचा अधिकार मंत्र्यांना, निवृत्त मुख्याध्यापकांना आणि ज्यांचा मुलगा पहिला आला अशा सर्व पालकांना असतो. मी यांपैकी कुणीच नाही. मी बी.कॉम. आहे, तोही सेकंड क्लास. दहावीला मला चोपन्न टक्के मिळाले, तेव्हा वडिलांनी पेढे न वाटता बत्तासे वाटले होते. तरीही मी आज बोलणार आहे, कारण शिक्षण खात्याने गेली कित्येक वर्षं जे चालवलं आहे ते शिक्षण नसून कारकुनी आहे आणि कारकुनीवर बोलायचा अधिकार मला वीस वर्षांच्या सेवेने मिळालेला आहे. माझी तक्रारही तीच आहे. कारकुनी करायचीच तर धड तरी करा!

मी राहतो कोथरूडला आणि नोकरी करतो पौडला. पौड म्हणजे मुळशी तालुक्याचं ठाणं. रोज बसने चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट असं करत मी शाखेत पोचतो आणि रस्त्यात शाळांचे फलक वाचतो. हा तालुका शाळांनी समृद्ध आहे. खुबवलीच्या डोंगरावर 1997 पासून जगभरची मुलं येऊन शिकतात आणि अखेर 45 पैकी किती याची चिंता करतात. त्याच डोंगराच्या पायथ्याला जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. तिथली मुलं पन्नासपैकी किती याची चिंता करतात. डोंगर चढलं की भाजक कमी होतो. चिंता तेवढीच राहते.

प्रकरणाला सुरुवात आमच्या घरातून झाली. कन्या सहावीत आहे. एप्रिलअखेरीस तिचं प्रगतिपुस्तक आलं. गणितात 'ब-1' होतं. आमच्या कुटुंबाने ते पाहिलं आणि भाजी फोडणीला टाकायची थांबवली.

"अहो, वरच्या वहिनींच्या मुलाला अ-2 आहे."

"बरं."

"बरं काय? ब-1 म्हणजे काय तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

मला ठाऊक होतं. एक्याऐंशी ते नव्वद म्हणजे अ-2, एकाहत्तर ते ऐंशी म्हणजे ब-1. म्हणजे वरच्या मजल्यावर आणि आमच्या मजल्यावर एका गुणाचा फरक असू शकेल किंवा एकोणीस गुणांचा. हे मी समजावून सांगितलं. त्यावर "तुम्ही तिला पाठीशी घाला," असं उत्तर आलं आणि भाजी करपली.

मग मी ते पुस्तक नीट वाचलं. आपल्या भाषेने एक मोठा घोटाळा करून ठेवला आहे. मार्काला आपण गुण म्हणतो. आमची कन्या आजीच्या गोळ्या वेळेवर देते, पावसात भिजलेलं मांजर घरी आणते, भांडण झालं तर आधी बोलते. हे सगळे गुण. पण गुणपत्रिकेत यांतला एकही गुण नाही. ज्या कागदात गुण सोडून सगळं असतं त्याला गुणपत्रिका म्हणायचं!

नाही म्हणायला 'वर्णनात्मक नोंदी' असा एक रकाना होता. त्यात लिहिलं होतं: 'वर्गात नियमित उपस्थित राहते. गणवेश स्वच्छ असतो. उदाहरणे अचूक सोडवण्याचा प्रयत्न करते.' वाचून बरं वाटलं. संध्याकाळी वरच्या वहिनी आपल्या चिरंजिवांचं पुस्तक दाखवायला आल्या. त्यात लिहिलं होतं: 'वर्गात नियमित उपस्थित राहते.' चिरंजीव लिंगबदल करून आले होते, पण गणवेश स्वच्छ होता.

मी हसलो. वहिनी रागावल्या. त्या रागाने कुटुंब माझ्यावर रागावलं. त्या रात्री आमच्या इमारतीत एका प्रगतिपुस्तकामुळे एकाही माणसाची प्रगती झाली नाही.

दुसऱ्या आठवड्यात शाखेत एक आजीबाई आल्या. सोबत दहा-अकरा वर्षांची नात. मे महिन्यात ताम्हिणीच्या रस्त्याला करवंदं-जांभळं विकायला बायका बसतात, त्यांतल्या त्या. हल्ली करवंदाच्या टोपलीशेजारीही क्यूआर कोडचा पुठ्ठा दिसतो, पण आजीबाईंचा कागदी नोटेवर विश्वास. पदराच्या गाठीतून त्यांनी नोटा काढल्या. शंभराच्या सतरा, पन्नासाच्या तेवीस, विसाच्या एकेचाळीस, दहाच्या छत्तीस. आजीबाईंना लिहिता येत नाही, म्हणून पावती मीच भरली. मागे नोटांचा तपशील लिहिला, पुढे रक्कम लिहिली, शिक्का उचलला.

"काका," काचेपलीकडून आवाज आला, "चार हजार तीस आहेत. तुम्ही चार हजार तीनशे लिहिलंय."

पोरीने पावती उलटी वाचली होती. माझ्या बाजूने सुलटी वाचूनही मला चूक दिसली नव्हती. मी यंत्राकडे हात नेला, तेवढ्यात ती बोटं न मोजता म्हणाली, "शंभराचे सतराशे, पन्नासाचे अकराशे पन्नास. झाले अठ्ठावीसशे पन्नास. त्यात आठशे वीस. छत्तीसशे सत्तर. अन् तीनशे साठ."

चार हजार तीस. बरोबर.

ज्यांना बँकेचं गणित ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोकड कमी भरली तर ती कॅशियरच्या खिशातून जाते. त्या पोरीने माझे दोनशे सत्तर रुपये वाचवले होते आणि तेही स्वतःच्या आजीच्या खात्यातून. मी उठून तिचं कौतुक केलं. "कितवीत गं?"

पोरगी एकदम आजीच्या मागे गेली. आजीबाई म्हणाल्या, "पाचवीत हाय. गणितात नापास केलीया सायेब. जूनला पुन्हा पेपर हाय. त्यात ऱ्हायली तर पुन्हा पाचवीच म्हंत्यात."

पन्नासपैकी चौदा मिळाले होते. मी रिकाम्या पावतीमागे तिला दोन-चार उदाहरणं घातली. बेरीज, गुणाकार, भागाकार तोंडी. मग 'साडेतीन अधिक शून्य पूर्णांक पंचवीस शतांश' असं दशांशचिन्ह देऊन लिहिलं, तशी ती थबकली. "ते टिंबाचं मला येत नाय."

सगळा रोग तो. पेपरात टिंबाची उदाहरणं होती ती गेली, आणि जी येत होती त्यांची तिने नुसती उत्तरं लिहिली, पायऱ्या लिहिल्या नाहीत, म्हणून तिथेही मार्क कापले. 'चौदा' या आकड्यात हे कुठे लिहिलेलं होतं? कुठेच नाही. मी तिला पावतीवरचा रुपये-पैशांचा रकाना दाखवला. "हे टिंबाच्या अलीकडे रुपये, पलीकडे पैसे. शंभर पैशांचा एक रुपया." ती दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे हे पैसं हायेत व्हय!" आणि तीन पूर्णांक पंचाहत्तर शतांश लिहून मोकळी झाली. एकूण वेळ सात मिनिटं. मागे रांगेत उभ्या असलेल्या खातेदारांनी या सात मिनिटांत माझ्याबद्दल जे उद्गार काढले ते शैक्षणिक नव्हते.

आता माझा मुद्दा.

बँकेत संध्याकाळी हिशेब जुळवायचा असतो. जमा आणि नावे सारखी यायला हवीत. समजा दोनशे सत्तरचा फरक आला. आम्ही काय करतो? 'शाखा नापास' असा शिक्का मारून घरी जातो का? 'पौड शाखा: क-2, प्रयत्न करते' असं लिहितो का? आम्ही फरक शोधतो. त्याचंही एक शास्त्र आहे. फरकाला नवाने भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी आकडे उलटसुलट पडलेले असतात. तीस नवे दोनशे सत्तर. शोधा, कुठे तीन आणि शून्य यांनी जागा बदलली ते. जुने हेडक्लार्क आकडा बघून सांगायचे चूक कुठल्या टेबलावर आहे. फरकाचा आकडा हा शोधाची सुरुवात असतो.

शाळेत तोच आकडा शोधाचा शेवट असतो. चौदा! संपलं. पुढचा पेपर काढा. ज्या चुकीने पोरगी अडली ती शोधायला सात मिनिटं लागतात आणि ती चूक न शोधता तिला वर्षभर पुन्हा पाचवीत बसवायची आपली तयारी आहे. यालाच मी धड कारकुनीसुद्धा नव्हे म्हणतो.

हे मी शाखेत बोललो, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे परीक्षा बंद करायच्या? मग पुन्हा ढकलपास? आठ वर्षं पोरं वर ढकलली, आठवीतल्याला बाराखडी येईना, ते विसरलात?"

साहेबांचं म्हणणं खोटं नाही, म्हणून ते टाळणार नाही. शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं त्यात होतं. त्याच वर्षी महाराष्ट्रात 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' आलं. नाव जड होतं, पण कल्पना माझ्या हेडक्लार्कची होती: एकदाच तीन तासांत निकाल लावू नका, रोज बघत राहा, कुठे अडतंय ते लिहा, तिथल्या तिथे दुरुस्त करा. झालं काय? नापास करणं कायद्याने बंद झालं, ते सोपं होतं. रोज बघणं अवघड होतं, ते कागदावर गेलं. मास्तरांना नोंदींचे रकाने दिले. चार-चार इयत्ता एका खोलीत सांभाळणारा मास्तर रकाने भरणार की शिकवणार? मग बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. 'गणवेश स्वच्छ असतो' तिथूनच आलं. पोरं ढकलली गेली ती परीक्षा नव्हती म्हणून नव्हे, बघणारं कुणी नव्हतं म्हणून. 2019 साली कायद्यात बदल झाला, 2023 पासून आपल्याकडे पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. ताप मोजणं जमलं नाही म्हणून आता रोग्यालाच खाटेला बांधलं आहे. नापास झालेल्यांना जादा शिकवून पुन्हा परीक्षा घ्यावी असंही नियमात आहे. ते जादा शिकवणं आमच्या काउंटरवर झालं.

"पण आकडा तरी खरा असतो," साहेब म्हणाले.

साहेब, आकड्यांची नोकरी करून तुम्ही हे म्हणता? दहावीचे आकडे घ्या. 2018 साली राज्यात 89.41 टक्के मुलं पास झाली. 2019 साली 77.10 टक्के. एका वर्षात महाराष्ट्रातली बारा टक्के बुद्धी गेली कुठे? कुठेही नाही. त्या वर्षी शाळेच्या हातातले तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते. 2020 साली ते परत दिले, त्यात करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण मिळाले, आणि निकाल लागला 95.30 टक्के. 2021 साली परीक्षा झालीच नाही. निकाल 99.95 टक्के! ज्या वर्षी कुणी काहीच लिहिलं नाही त्या वर्षी सर्वांत जास्त मुलांना आलं. आणि 2025 साली 211 मुलांना शंभरपैकी शंभर टक्के मिळाले. मुलांचं अभिनंदन. पण आमच्या इन्स्पेक्टरला एखाद्या शाखेत एकही चूक सापडली नाही, तर तो शाखेला पेढे देत नाही, पुन्हा तपासायला बसतो.

तपासणाऱ्याचं तरी एकमत असावं! अमेरिकेत 1913 च्या सुमारास स्टार्च आणि एलियट या दोघा प्राध्यापकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडे तपासायला पाठवली. भूमितीची, निबंधाची नव्हे. कुणी तिला 28 दिले, कुणी नव्वदच्या वर. तोच पोरगा एका टेबलावर नापास, दुसऱ्या टेबलावर हुशार. आमच्याकडे एकाच नोटेचं मूल्य दोन काउंटरवर वेगळं निघालं असतं तर रिझर्व्ह बँकेने कुलूप लावलं असतं.

आणि मार्चअखेर विसरलात? 31 मार्चला ठेवींचं टार्गेट गाठायचं म्हणून ओळखीच्या व्यापाऱ्याच्या हातापाया पडून लाखभर रुपये आणायचे आणि एप्रिल लागताच परत न्यायला त्याला दार उघडून द्यायचं, हा खेळ बँकेच्या धंद्यात कुणी पाहिलेला नाही? याला आम्ही विंडो ड्रेसिंग म्हणतो. बँक ऑफ इंग्लंडचे सल्लागार चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 साली हेच सांगितलं, जरा अर्थशास्त्राच्या भाषेत. त्याचा मथितार्थ असा की, जे माप तुम्ही लक्ष्य म्हणून ठेवता ते माप म्हणून निकामी होतं. क्लासवाले दुसरं काय करतात? मार्चमध्ये ठेव आणतात. एप्रिलमध्ये खातं रिकामं. माझ्याच डोक्यातली दहावीच्या बीजगणिताची ठेव निकालाच्या दिवशी निघाली ती आजतागायत परत आली नाही.

इथे बसमध्ये रोज भेटणारे एक निवृत्त मास्तर म्हणाले, "अहो, पण मार्क आणि शेरा दोन्ही द्यावेत की. बिघडलं कुठे?" हा मार्ग मलाही पसंत होता. पण रूथ बटलर या बाईंनी 1988 साली इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर हाच प्रयोग केला. काहींना नुसते मार्क दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. दोन्ही मिळालेली मात्र नुसत्या मार्कवाल्यांसारखीच राहिली. का ते मला आमच्या स्वयंपाकघरात कळलं होतं. ब-1 दिसल्यावर पुढचं कोण वाचतं? भाजी करपेपर्यंत तरी कुणी वाचलं नाही.

"हे सगळं परदेशातलं," मास्तर म्हणाले. मग आपल्याकडचं सांगतो. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, सोबत अनुताई वाघ. पुढे 1957 साली ते कोसबाडला गेलं. आदिवासींची मुलं दिवसभर गुरांमागे. शाळेत येणार कशी? हजेरीपत्रकात लाल गोळा मारणं सर्वांत सोपं होतं. या बायकांनी गोळा मारला नाही. मुलं कुरणात आहेत ना, मग शाळा कुरणात नेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. फरक शोधणं म्हणजे हे! मूल शाळेत का नाही याचं उत्तर त्यांनी मुलाच्या खात्यात न टाकता शाळेच्या खात्यात टाकलं. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेही याच जातीचं काम. तेव्हा हे परदेशी फॅड आहे असं कृपा करून म्हणू नका. आपलंच आहे, आपण ते गौरवग्रंथात घालून कपाटाला कुलूप लावलं, एवढंच.

आमच्या मुळशीचं धरण पावसाळ्यात भरलं की किती टक्के भरलं ते पेपरात येतं. आकडा अगदी बरोबर असतो. पण त्या पाण्याखाली कुणाची भातखाचरं गेली, 1921 साली सेनापती बापटांबरोबर कुठल्या गावची माणसं तुरुंगात गेली, हे त्या टक्क्यांत नसतं. पाण्याची टक्केवारी काढावी, वीज करायला ती लागते. पण टक्केवारी म्हणजे मुळशी नव्हे, एवढं तरी धरणाच्या काठी राहणाऱ्याला कळावं.

मी परीक्षेच्या विरुद्ध नाही. हिशेब रोज जुळवावाच. ज्याला वाचता येत नाही त्याला येत नाही हे कळलंच पाहिजे आणि लवकर कळलं पाहिजे. माझं मागणं एवढंच आहे की, पाचवीतल्या पोराच्या कागदावर आकड्याऐवजी एक खरं वाक्य असावं. 'टिंबाचं येत नाही, बाकी तोंडी पक्कं आहे.' सात शब्द. याला मास्तराला पोरगी ओळखीची असावी लागते आणि मास्तर पोरीला ओळखेल इतका वेळ सरकारने त्याला द्यावा लागतो. म्हणजे त्याच्या अंगावरची माझी कामं काढून घ्यावी लागतात. याद्या करणं, माहिती भरणं, ती ऑनलाइन चढवणं यासाठी आम्ही कारकून आहोत. आम्हाला ते येतं. आणि कुणाला ओळखावं असं आमच्यावर बंधन नाही.

जूनच्या शेवटी आजीबाई पुन्हा आल्या. भातरोपांच्या गडबडीत होत्या. पोरगी सोबत नव्हती, शाळेत होती. "सायेब, झाली पास! पन्नासात अठरा." बरोब्बर पासाच्या काठावर. मी शाखेत पेढे वाटले. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "अठरा मार्कांचे पेढे?" मी म्हटलं, "नाही साहेब, दोनशे सत्तर रुपयांचे."

अठरा! म्हणजे सहावीच्या मास्तरांना ही पोरगी काठावरची म्हणून कळणार. पावती उलटी वाचते हे कोण सांगणार?

राहता राहिलं कन्येचं प्रगतिपुस्तक. ते सही करून परत द्यायचं होतं. शेवटच्या पानावर 'पालकांचा अभिप्राय' असा रकाना असतो. आजवर मी तिथे 'पाहिले' असं लिहून सही ठोकत आलो, जसं आम्ही व्हाउचरवर ठोकतो. या वेळी मी नीट लिहिलं. तिला अपूर्णांक उमजत नाहीत पण विचारायला लाजते. मांजराच्या पिल्लांची वजनं मात्र वहीत रोज लिहून ठेवते. तिथून सुरुवात केली तर गणित जमेल, असं वाटतं. बारीक अक्षरात रकाना भरला, समासातही थोडं गेलं.

आठ दिवसांनी पुस्तक परत आलं. लाल शाईत शेरा होता: 'पालकांनी या रकान्यात फक्त सही करावी.'

मी सही केली. सवयच आहे.